साडेचार वर्षांच्या मुलाची सुंता: घाई नेमकी कुणाला आहे?

तुम्ही लिहिलंय ते असं. मुलगा साडेचार वर्षांचा, गाव विट्याजवळ. शूच्या जागेची पुढची कातडी मागे सरकत नाही. लघवी करताना टोकाला फुगा येतो आणि मग धार सुरू होते. डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, 'फायमोसिस आहे (म्हणजे पुढची कातडी आवळलेली), सुंता करून टाकू, पुढच्या आठवड्यात घेऊन या.' तुमच्या आई म्हणतात, 'आपल्यात असलं कुणी करत नाही.' पुण्याच्या मेव्हण्यानं व्हिडिओ पाठवला, त्यात म्हटलंय की लहान मुलाची सुंता म्हणजे त्याच्या शरीरावरच्या हक्काची पायमल्ली. आणि तुम्ही विचारताय, 'यातलं खरं कुणाचं?'

मी सांगली-मिरज पट्ट्यात लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करतो, सव्वीस वर्षं झाली. तुमच्या घरातल्या तिघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं खरं आहे. पण तुमची खरी अडचण वेगळी आहे असं मला वाटतं. सुंता चांगली की वाईट यावर कितीही वाद घालता येईल. तुमच्यापुढचा प्रश्न एवढाच आहे: हे आत्ताच करायला हवं का, आणि नसेल तर ज्याचं शरीर आहे त्याला बोलता येईपर्यंत थांबलं तर त्याचं काही बिघडतं का? म्हणजे घाई कुणाला आहे ते आधी शोधायचं. मुलाच्या आजाराला असेल तर लगेच करायचं. डॉक्टरला, आजीला, शेजाऱ्यांना किंवा समाजाला असेल तर थांबायचं.

न तपासता मी निदान सांगू शकत नाही, ते सांगणारही नाही. पण तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून काय विचार करायचा ते सांगतो.

जन्मताना ही कातडी आतल्या बोंडाला चिकटलेलीच असते. नखाखाली मांस चिकटलेलं असतं, साधारण तशी. इंग्लंडच्या डग्लस गेर्डनर या डॉक्टरांनी १९४९ साली नवजात मुलं तपासून दाखवलं की जन्मताच कातडी पूर्ण मागे जाते अशी मुलं शंभरात चारच्या आसपास असतात. पुढे १९६८ साली डेन्मार्कमध्ये ऑस्टर यांनी शाळकरी मुलं वर्षानुवर्षं तपासली. सहा-सात वर्षांच्या मुलांत आठ टक्क्यांच्या आसपास कातडी घट्ट होती, सोळा-सतरा वर्षांपर्यंत हे प्रमाण एक टक्क्यावर आलं. मधल्या दहा वर्षांत त्यांच्यावर कुणी सुऱ्या चालवल्या नव्हत्या. वाढताना कातडी आपोआप सुटते, एवढंच झालं.

फुगा दिसला की आईबाप घाबरतात. मीही बाप आहे, समजतं. पण फुगा येऊन धार नीट सुरू होत असेल, मूल कुंथत नसेल, ताप येत नसेल, तर नुसता फुगा हा आजार नव्हे. कातडी सुटायला लागली की आतली जागा मोकळी होते आणि तोंड अजून लहान असतं, म्हणून लघवी तिथे क्षणभर साठते. तसंच कातडीखाली पांढरे मऊ गोळे दिसतात, साबुदाण्याएवढे. निम्मे लोक ते 'पू झालाय' म्हणून घेऊन येतात. तो साठलेला मळ असतो, कातडी सुटली की आपोआप बाहेर पडतो.

मग सुंता लागते कधी? टोकाला पांढरा, कडक, चट्ट्यासारखा कडा तयार झाला असेल, ज्याला आम्ही बीएक्सओ म्हणतो, तर लागते, आणि तिथे मी चालढकल करत नाही. पुन्हा पुन्हा सूज, लाली, ताप येत असेल तर विचार करतो. मूत्रमार्गात जन्मजात दोष असून लघवीचा जंतुसंसर्ग सारखा होत असेल तर करतो, कारण तिथे किडनी पणाला लागलेली असते. बाकीच्या बहुतेक मुलांना मी काही न करता घरी पाठवतो. त्रास जास्त असेल तर सौम्य स्टेरॉइडचं मलम, दिवसातून दोनदा, चार ते सहा आठवडे, फक्त टोकाच्या घट्ट कड्यावर. बऱ्याच मुलांची कातडी तेवढ्यानं सैल होते. मात्र हे मलम डॉक्टरनं लिहून दिलेलंच हवं. मेडिकलवाल्यानं दिलेलं गजकर्णाचं 'सगळ्यावर चालतं' असलं ट्यूब नको. त्यात तीन-तीन औषधं एकत्र कालवलेली असतात आणि तिथली कातडी नाजूक असते.

एक गोष्ट मात्र तुमच्या आईंना आवर्जून विचारा. बाळ लहान असताना न्हाऊ घालायला ज्या मावशी यायच्या, त्या तेल लावून कातडी मागे ओढायच्या का? आपल्याकडे अजून गावोगाव हे चालतं, आणि चांगल्या हेतूनंच चालतं. त्या ओढाओढीत बारीक चिरा पडतात, भरताना व्रण होतो आणि जी कातडी आपोआप सुटणार होती ती खरोखरच आवळली जाते. कधी मागे ओढलेली कातडी तिथेच अडकते, बोंड सुजतं, आणि मग रात्री दोन वाजता मिरजेला गाडी पळवावी लागते. म्हणून ती कुणी ओढू नये. मावशींनी नाही, तुम्ही नाही, आणि दवाखान्यात 'बघू, उघडतंय का' म्हणत जोर लावणाऱ्या डॉक्टरांनीही नाही.

आता तुमच्या मेव्हण्याच्या व्हिडिओकडे येतो. 'हक्क' हा शब्द ऐकला की आपल्याकडे बरेच बाप चिडतात. 'मुलाला विचारायचं? मग पोलिओचा डोसही विचारून द्यायचा का? कान टोचतो, जावळ काढतो, ते कुणाला विचारून?' प्रश्न चांगला आहे आणि त्याला उत्तर आहे. जावळ परत उगवतं. कानाचं भोक मोठेपणी नको असेल तर मुलगी बाळी घालणं सोडते, आणि नाहीच बुजलं तरी कानाचं काम अडत नाही. पोलिओचा डोस थांबवला तर मूल आयुष्यभर लंगडू शकतं, म्हणून तिथे थांबणं हाच गुन्हा. आणि एक उदाहरण माझ्या धंद्यातलं, उलट बाजूचं: ज्या मुलाची वृषणं पिशवीत उतरलेली नाहीत, त्याचं ऑपरेशन सहा महिने ते दीड वर्षाच्या आत व्हायला हवं. उशीर केला तर पुढे वंध्यत्वाचा आणि कॅन्सरचा धोका वाढतो. तिथे मी बापाला म्हणतो, 'त्याला मोठा होऊ दे म्हणू नका, आजच तारीख घ्या.' तेव्हा हक्क म्हणजे मुलाला हात लावायचा नाही असं नव्हे. परत न जोडता येणारी गोष्ट कापायची असेल आणि थांबून काही जात नसेल, तर ती कापायचा अधिकार ज्याची आहे त्याच्यासाठी राखून ठेवायचा, एवढंच.

कायदाही आडून तेच सांगतो. बारा वर्षांखालच्या मुलाची स्वतःची संमती कायदा धरत नाही, त्याच्या वतीनं पालक देतात. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ८९ व्या कलमात होतं, आता २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २७ व्या कलमात आहे: पालकाच्या संमतीनं, प्रामाणिक हेतूनं, मुलाच्या हितासाठी केलेलं कृत्य. वकील मित्रांना विचारलं तर ते यातून चार अर्थ काढतील. मला 'मुलाच्या हितासाठी' हे दोन शब्द पुरतात. कायद्यानं पालकाला मुलाचा विश्वस्त केलंय, मालक नाही. शेत आजोबांनी नातवाच्या नावावर ठेवलं, तो सज्ञान होईपर्यंत बापानं कसलं तरी ते विकायचं असेल तर कोर्टाची परवानगी लागते, हे सांगलीत कुणालाही समजवावं लागत नाही. शरीराच्या बाबतीत मात्र आपण तेच विसरतो.

हे सगळं मला पहिल्यापासून कळत होतं असं समजू नका. नवा नवा होतो तेव्हा मीही 'फायमोसिस, सुंता' असं लिहून मोकळा व्हायचो. शिकवलं तसंच होतं. शिवाय वीस मिनिटांचं काम, बाप समाधानी, बिल सरळ. सतराएक वर्षांनी एक मुलगा एकटाच ओपीडीत आला. एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला. लघवीचं भोक आवळलेलं होतं, धार बारीक आणि वाकडी. सुंतेनंतर काही मुलांत हे होतं. ते मी दुरुस्त केलं, छोटं काम होतं. उठताना म्हणाला, 'सर, हॉस्टेलला पोरं विचारतात, तुझी का केलीय? मला सांगता येत नाही. का केली होती?' मी जुनी फाइल काढायला लावली. माझ्याच अक्षरात वय दोन वर्षं, निदान फायमोसिस, आणि पुढे ऑपरेशनची तारीख. ना सूज लिहिलेली, ना ताप, ना कडक कडा. दोन वर्षांच्या मुलाची कातडी दोन वर्षांच्या मुलासारखी होती, एवढंच माझं निदान. त्याला मी खरं सांगितलं, की आज मी ती केली नसती. तो रागावला नाही. 'ठीकाय सर' म्हणून गेला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

या विषयात जगभर सांगितली जाणारी एक गोष्ट आहे, तीही फायमोसिसनंच सुरू होते. १९६५ साली कॅनडातल्या विनिपेगमध्ये जुळे मुलगे झाले, ब्रूस आणि ब्रायन. काही महिन्यांचे असताना दोघांनाही लघवीला त्रास होतो म्हणून सुंता करायचं ठरलं. आधी ब्रूसला आत घेतलं. डॉक्टरांनी विजेच्या कॉटरीनं, म्हणजे जाळून कापणाऱ्या यंत्रानं, कातडी कापली, आणि त्याचं सगळं लिंगच जळून गेलं. मग ब्रायनला कुणी हात लावला नाही, आणि त्याचा त्रास आपोआप बरा झाला. इथे कुणीही वाचणारा थांबतो. मी तर दरवेळी थांबतो. पुढे बाल्टिमोरचे मानसशास्त्रज्ञ जॉन मनी यांच्या सल्ल्यानं ब्रूसची वृषणंही काढली आणि त्याला ब्रेंडा म्हणून मुलगी वाढवलं. लहानपणी घडवू तसं मूल घडतं, असा सिद्धांत होता. मुलानं तो कधीच मान्य केला नाही. चौदाव्या वर्षी त्याला खरं सांगितलं तेव्हा त्यानं स्वतःला डेव्हिड नाव घेतलं आणि पुरुष म्हणून जगायला लागला. २००४ साली, अडतीस वर्षांचा असताना, त्यानं आत्महत्या केली. इतका भयंकर अपघात लाखातही होत नाही, आणि तो सांगून तुम्हाला घाबरवायचं नाही. जुळ्यातला न कापलेला भाऊ आपोआप बरा झाला, एवढंच मला त्यातून हवंय.

धर्माचं काय, हेही कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. मिरजेसारख्या गावात काम करतो म्हटल्यावर माझ्याकडे मुसलमान कुटुंबं सुन्नतसाठी येतात, आणि मी करतो. वर जे लिहिलं त्याच्याशी हे जुळत नाही, मला कबूल आहे. माझा हिशेब असा: मी नाही म्हटलं तर सुन्नत थांबत नाही, ती भूल न देता, निर्जंतुक नसलेल्या वस्तऱ्यानं कुठल्यातरी खोलीत होते. माझ्याकडे ती वेदनेशिवाय होते. आणि मुख्य म्हणजे मी आधी तपासतो. मामाला किंवा मावशीच्या मुलाला जखम झाली की रक्त थांबत नाही, असं काही आहे का, हे विचारतो, कारण हिमोफिलियाचं पहिलं दर्शन कित्येकदा सुंतेलाच होतं. लघवीचं भोक टोकाऐवजी खालच्या बाजूला असलेली मुलं वेगळी काढतो. अशा मुलाची पुढची कातडी जन्मतःच अर्धवट असते, म्हणून घरातले आनंदानं सांगतात, 'हा तर खतना होऊनच आलाय.' त्यांना हात जोडून सांगावं लागतं की ती उरलेली कातडी कापू नका, दुरुस्तीला तेवढंच कापड आहे.

एक अट मी स्वतःपुरती घातली आहे. मूल सहा-सात वर्षांचं असेल आणि रडून 'नको' म्हणत असेल, तर त्या दिवशी मी करत नाही. बापाला सांगतो, आठवडाभर घरी बोला, मग या. काही येतात, काही दुसरीकडे जातात. एका बुजुर्गांनी मला एकदा सुनावलं होतं, 'डॉक्टर, इतकी वर्षं तुम्ही हिंदू पोरांच्या विनाकारण सुंता केल्या तेव्हा विचारलं नाहीत, आमच्या वेळीच बरं आठवतं.' मला उत्तर सुचलं नाही.

जगातले शहाणेही यावर एकमत नाहीत. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१२ साली म्हटलं की फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत, पण सरसकट सगळ्यांची करा म्हणण्याइतके नाहीत, आईबापांनी ठरवावं. नेदरलँड्सच्या डॉक्टर संघटनेनं २०१० साली उलट म्हटलं: वैद्यकीय कारण नसताना मुलांची सुंता त्यांच्या स्वायत्ततेच्या विरोधात जाते, पालकांना परावृत्त करा. मात्र बंदी घाला असं त्यांनी म्हटलं नाही, कारण मग ती चोरून होईल. जर्मनीत तर २०१२ सालीच कोलोनच्या न्यायालयानं चार वर्षांच्या मुलाची धार्मिक सुंता ही शारीरिक इजा ठरवली, आणि गदारोळ झाल्यावर त्याच वर्षाअखेर संसदेनं ती चालेल असा कायदा केला. मला यात डच डॉक्टरांचं पटतं.

'एचआयव्ही टळतो ना?' हा प्रश्न सांगलीत विचारला जाणारच. आपला जिल्हा एकेकाळी जास्त लागणीच्या जिल्ह्यांत मोजला जायचा. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा इथल्या तीन चाचण्यांत सुंता केलेल्या पुरुषांना स्त्रीकडून लागण होण्याचं प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास कमी झालं. त्यावरून २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं जिथे साथ मोठी आहे तिथे ती सुचवली. खरं आहे. पण त्या चाचण्यांतले बहुतेक सगळे स्वतः सही केलेले मोठे पुरुष होते. भारतात आज प्रौढांत लागण हजारी दोनच्या आसपास आहे. आणि साडेचार वर्षांच्या मुलाला त्या संरक्षणाची गरज लागेल तेव्हा तो मिसरूड फुटलेला असेल. हवी तर तेव्हा स्वतः येऊन करून घेईल.

मुलींबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण व्हिडिओत तेही असणार. तिथे माझ्या मनात 'पण', 'परंतु' नाही. मुलीच्या त्या जागेची कुठलीही कापाकापी करून आरोग्याचा काडीचा फायदा होत नाही, नुकसान मात्र होतं. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगात २३ कोटींहून जास्त मुली आणि स्त्रिया यातून गेल्या आहेत. आपल्या देशात दाऊदी बोहरा समाजातल्या बायकांनीच याविरुद्ध आवाज उठवला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली, पुढच्या वर्षी ती घटनापीठाकडे सोपवली गेली. 'आम्ही फक्त टोचतो, कापत नाही' असं ही प्रथा पाळणाऱ्यांचं म्हणणं होतं. अमेरिकेच्या त्याच अकादमीनं २०१० साली असल्या नाममात्र टोचणीला वाट ठेवायचं सुचवलं होतं. टीका झाली आणि महिन्याभरात मागे घेतलं. मला कुणी विचारलं तर मी टोचणारही नाही. आता तुम्ही म्हणाल, मुलाची करता आणि मुलीची नाही, हे कसं? नुकसानात फार अंतर आहे, हे एक उत्तर. पण तत्त्व दोन्हीकडे एकच आहे, आणि मुलांच्या बाबतीत मी ते पूर्ण पाळत नाही, हे खरं.

हे तत्त्व सगळ्यात जास्त टोचतं ते तिसऱ्याच ठिकाणी, आणि त्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय.

काही बाळं अशी जन्मतात की बघून मुलगा की मुलगी सांगता येत नाही. जतच्या बाजूचं असं एक बाळ माझ्याकडे आलं, पाच दिवसांचं. घरात फोनवर फोन. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की जिलेबी, आणि इथे हलवायाला काय सांगायचं तेच कुणाला कळेना. बाराव्या दिवशी बारसं. एकवीस दिवसांत जन्मनोंद, तिथे लिंगाचा रकाना. आजीनं मला बाजूला घेतलं: 'डॉक्टर, काय ते आत्ताच कापून मुलगा करून टाका. नाहीतर उद्या जोगत्यात जाईल.' हे 'मुलगा करून टाका' आपल्याकडे उगीच येत नाही. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८५१ मुली होत्या. सुरी कुठल्या दिशेला झुकणार ते आधीच ठरलेलं असतं.

त्या बाळाला घाई होती, पण वेगळीच. अशा बाळांत बऱ्याचदा किडनीवरच्या अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात दोष असतो. शरीरात मीठ टिकत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ उलट्या करायला लागतं, सुकतं, आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत दगावतं. म्हणजे त्या घरात सगळे शूच्या जागेकडे बघत होते आणि जीव रक्तातल्या सोडियमवर टांगलेला होता. तपासण्या पाठवल्या, हॉर्मोनची औषधं सुरू केली. ती जन्मभर घ्यायची असतात. गुणसूत्रं मुलीची निघाली, आत गर्भाशय होतं. आजीचं ऐकून मुलगा 'करून' टाकला असता तर काय झालं असतं, ते तुम्हीच बघा. मग आजी उलट बाजूनं म्हणाली, 'बरं, मुलगी तर मुलगी, ते वाढलेलं तेवढं कापून नीट करा, लग्नाचं बघायला नको का?' मी नाही म्हणालो. लघवी अडत नव्हती, संसर्ग नव्हता. जे वाढलेलं दिसत होतं त्यातच पुढे तिचं सुख असणार होतं, आणि ते कापून आजीची झोप सोडून कुणाचं काय भलं होणार होतं? तिला मुलगी म्हणून वाढवा, नाव ठेवा, जिलेबी वाटा, औषध चुकवू नका, आणि ती मोठी झाली की ती आणि मी बोलू, असं सांगितलं.

हल्ली न्यायालयंही हेच म्हणतात. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानं २०१९ च्या एप्रिलमध्ये सांगितलं की आईबापांची संमती म्हणजे मुलाची संमती नव्हे, आणि त्याच वर्षी तामिळनाडू सरकारनं जिवावर बेतलं नसेल तर लहान मुलांवर असली ऑपरेशनं करायला मनाई केली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे सात वर्षांच्या मुलाचे आईबाप आले होते, मुलगी म्हणून ऑपरेशन करायला परवानगी द्या म्हणत. न्यायालयानं थेट परवानगी दिली नाही. तज्ज्ञांच्या समितीनं तपासावं आणि जिवाला धोका असेल तरच करावं, असं ठरवलं.

आपल्या शेजारच्या साताऱ्यात २०११ च्या ऑक्टोबरमध्ये एक कार्यक्रम झाला होता, तुम्ही ऐकलं असेल. नको असताना झाली म्हणून जिचं नाव नकुशा ठेवलं होतं, अशा २८५ मुलींची नावं बदलली. बऱ्याच जणींनी आपली नावं स्वतः निवडली. पंधरा-पंधरा वर्षं चिकटलेलं नाव एका दुपारी, एका कागदावर सुटलं. मी त्या जतच्या आजींना हेच सांगितलं होतं, की नाव चुकलं तर कागद बदलता येतो, मी चुकलो तर मला बदलून देता येणार नाही. ते त्यांना पटलं की नाही देव जाणे, पण त्या दिवशी त्यांनी वाद सोडला.

आता तुमच्या मुलाकडे परत. पुढच्या आठवड्याची तारीख रद्द करा म्हणणार नाही, तिथे जा, पण ऑपरेशनसाठी नको, बोलण्यासाठी. डॉक्टरांना चार गोष्टी विचारा: टोकाला कडक पांढरा कडा आहे का, आत्तापर्यंत किती वेळा सूज किंवा संसर्ग झाला हे कुठे नोंदलंय का, मलम लावून बघितलं तर काय बिघडेल, आणि वर्षभर थांबलो तर कुठला धोका. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. चौथ्या प्रश्नाला 'आत्ताच केलेलं बरं, मोठेपणी दुखतं' एवढंच उत्तर आलं तर दुसऱ्या बालशल्यचिकित्सकाला दाखवा. मोठेपणी दुखतं हे खरं आहे. पण मोठेपणी लागेल अशी मुलं शंभरात एखादंच, आणि त्याला तेव्हा का करतोय ते कळतंही.

उलट त्या डॉक्टरांनी कडक कडा दाखवला, किंवा लघवी थेंबथेंब होत असेल, मूल रडत कुंथत असेल, तापासह लघवीचा संसर्ग दोन-तीनदा झाला असेल, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि ऑपरेशन करून घ्या. तेव्हा आईंना सांगा की हे 'आपल्यात' किंवा 'त्यांच्यात' असलं काही नसून औषध आहे. अपेंडिक्स काढताना जात विचारत नाही, तसंच.

आणि मुलालाही विचारा. साडेचार वर्षांचं पोर सही करत नाही, पण सांगतं. माझ्याकडे आलेल्या मुलाला मी आधी विचारतो, 'बघू का तुझं?' 'नाही' म्हणाला तर त्याला आईच्या मांडीवर बसवतो, गाडीबिडी काढायला सांगतो, पाच मिनिटांनी पुन्हा विचारतो. दुसऱ्यांदा बहुतेक मुलं 'हं' म्हणतात. घरी आंघोळीला त्याला स्वतःलाच धुवायला शिकवा, कातडी सहज जाईल तेवढीच मागे, दुखलं की थांबायचं. लघवी पूर्ण अडली किंवा कातडी मागे जाऊन अडकली आणि टोक सुजलं, तर मात्र सकाळची वाट बघू नका. रात्र असली तरी जवळच्या मोठ्या दवाखान्यात निघा.